मामांची टाच

माझ्या बायकोच्या मामांइतका दाता माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि त्यांच्याइतके धक्केही मला दुसऱ्या कुणी दिले नाहीत. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि तासगावला स्वतःच्या द्राक्षबागेत अनवाणी फिरू लागले. सरकारी बुटांनी पाय पुरे आवळले म्हणे. त्यांच्याजवळचं काही तुम्हाला आवडलं, की ते तुमचंच झालं म्हणून समजा. शिरवळला चहा पिताना हॉटेलवाला 'घड्याळ झकास आहे' म्हणाला, तर मामांनी ते काढून त्याच्या मनगटावर बांधलं आणि पुढचा अर्धा तास त्यालाच वेळ विचारत बसले. मामींनी तेव्हापासून त्यांना घड्याळ घेऊन देणं सोडलं आहे.

मी साताऱ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस आहे. आमच्या मॅडम काळ्या द्राक्षांच्या सालींचा अर्क काढून तो काचेच्या बशीत वाढवलेल्या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींवर घालून बघत होत्या. थोडी सालं हवीत, असं मी मामांजवळ बोललो मात्र, दुसऱ्या दिवशी एसटीने निर्यातीच्या द्राक्षांच्या सहा पेट्या हजर! "नुसती सालं धाडायला तुमी काय आमचं वैरी हाईसा, जावईबापू?" वर रोज फोन. "मेल्या का त्या पेशी?"

"मेल्या नाहीत मामा, पण वाढ मंदावली!" मी छाती फुगवून सांगितलं. बशीतलं बशीपुरतंच असतं, हे सांगायचं राहून गेलं.

चार महिन्यांनी मामा लंगडत आमच्या दारात उभे. टाचेला फडकं. ते सोडलं तर आत द्राक्षाच्या सालींचा लगदा, आणि लगद्याखाली रुपयाएवढा काळाकुट्ट डाग, कडा वेड्यावाकड्या, मधोमध चिघळलेला. मी त्यांना तिथेच खुर्चीवर बसवलं.

"डॉक्टरला क्यान्सरचा संशय आला. सांगलीला जावा म्हणला. म्हणलं, कशाला? औषध तर आपल्या घरातच हाय. सोलल्याली द्राक्षं पोरास्नी वाटून टाकतोय आन् सालं बांधतोय."

"आणखी कुणाला दाखवलंत?"

"तुमी हाईसा की."

मी! बशा धुऊन पालथ्या घालणारा माणूस! मी त्यांच्यावर ओरडलो, मग स्वतःवर, आणि सकाळी पहिल्या गाडीने त्यांना सांगलीला नेलं. तिथे संशय खरा ठरला. टाचेचा मोठा भाग काढावा लागणार होता.

काही विचारायचं आहे का, असं डॉक्टरांनी म्हटल्यावर मामा म्हणाले, "त्यो कापल्याला तुकडा आमच्या जावयास्नी द्या. बशीत घालायला लागतोय त्यास्नी. ताजा हाय तवर द्या."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. तोंड कुठे लपवावं मला कळेना. तो तुकडा इथेच तपासतात, असं मी कसंबसं सांगितलं.

"मंजी तुमच्या कामाला मी काय आलो न्हाई," मामा हिरमुसून म्हणाले.

आता ते काठी टेकत बागेत जातात. दर तीन महिन्यांनी सांगलीला तपासणी असते आणि निकाल येईपर्यंत मी सोबत आणलेला डबा उघडत नाही. मामांच्या ते लक्षात येतं. मग दवाखान्याच्या बाकावर ते माझ्याजवळ सरकतात आणि हळूच म्हणतात, "तुमच्या सालीनं थोडं थांबलं हुतं बरं का, जावईबापू."

थांबलं नव्हतं. तरी मी मान डोलावतो.