पलीकडच्या खुर्चीतल्या बाई

नगरपालिकेच्या विधी विभागात आम्ही चार कनिष्ठ वकील, आणि आमच्यावर देखरेखीला बाई. त्यांची सही झाल्याशिवाय आमचा एक कागद कोर्टात जात नसे. सही हवी तर आधी दुपारी त्यांच्या खोलीत उभं राहून आपली केस चालवून दाखवायची. बाई खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायच्या, डोळे मिटायच्या आणि आमच्याविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाच्या होऊन जायच्या. डोळे मिटले की बाई पलीकडच्या, उघडले की पालिकेच्या, हे शिपायापासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

खिडकीखाली पालिकेचा पोहण्याचा तलाव होता. दुपारचं ऊन पाण्यावरून उसळून खोलीच्या छतावर यायचं आणि तिथे हलत राहायचं. वर ते पाणी, मधे संथ फिरणारा पंखा, आणि खाली बाई कुणा फेरीवाल्याच्या नाहीतर कुणा भाडेकरणीच्या आवाजात बोलतायत. आपण तलावाच्या तळाशी बसून ऐकतोय असं मला वाटायचं. नुकतंच झालेलं जेवण अंगावर आलेलं असायचं, हेही आहेच.

कधीकधी त्यांची थोरली बहीण विसरलेला चष्मा द्यायला यायची आणि गाऱ्हाणं सांगून जायची. "हिला भाजीला नेऊ नये. मी भाव पाडते, तर ही भाजीवाल्याची वकिली करते."

"अगं अक्का, त्याच्या बाजूनं बोलायला तिथं दुसरं होतं कोण?" बाई म्हणायच्या.

मला मिळालेली पहिली स्वतंत्र केस त्याच तलावाची होती. काठावरच्या दोन खोल्यांत म्हातारा जीवरक्षक बायकोसह राहत होता. पालिकेला तिथे पंपघर बांधायचं होतं. खोल्या पालिकेच्या, भाडेपट्टा नाही, नोटीस बजावलेली. मी जात्याच तापट, त्यात पहिली केस. दुपारी बाईंसमोर असा काही कडाडलो की शेजारच्या खोलीतला टाइपरायटर थांबला.

बाई डोळे मिटूनच सावकाश बोलू लागल्या.

"साहेब, मी हौसेनं इथं आलो नाही. रात्री एक पोर पाण्यात पडलं होतं, तेव्हा तुम्हीच म्हणालात, इथंच राहा, तलावावर नजर ठेव. लेखी हुकूम दिलात. ते काम अजून माझ्याकडून कुणी काढून घेतलेलं नाही. आधी काम काढून घ्या, मग खोल्या घ्या."

मी चिडलो. "हे त्याला सुचायचं नाही, बाई."

"नाही सुचायचं. आणि वकील करायची त्याची ऐपत नाही."

मग त्यांनी डोळे उघडले, कागद पुढे ओढले आणि सही केली.

सुनावणीला जीवरक्षक धुतलेला शर्ट घालून आला होता. मागच्या बाकावर त्याची बायको मांडीवर पिशवी धरून बसली होती. तलावाच्या काठानं पावलं न वाजवता चालायची त्याची सवय कोर्टातही तशीच होती. माझी पहिली केस म्हणून बाई माझ्या मागे येऊन बसल्या होत्या. मी बोललो, आणि चांगलं बोललो. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, तेव्हा तो आधी माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिला.

"काय सांगू, साहेब. तलाव तुमचा, खोल्या तुमच्या."

न्यायाधीशांनी पेन उचललं. "आणखी कुणाला काही?" त्यांनी रिवाज म्हणून विचारलं.

माझ्या मागची खुर्ची सरकली.

"साहेब, मी हौसेनं इथं आलो नाही."

तोच दुपारचा आवाज होता. रात्री पडलेलं पोर, लेखी हुकूम, न काढून घेतलेलं काम, सगळं त्याच क्रमानं आलं. मी वळून पाहिलं. बाईंचे डोळे टक्क उघडे होते आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या. बाकी सगळे जीवरक्षकाकडे बघत होते, कारण तो मटकन खाली बसला होता.

जुना हुकूम मागवला गेला, तो मिळाला, आणि आमचा अर्ज फेटाळला गेला. म्हातारा आणि त्याची बायको दोन खोल्यांत परत गेली.

ऑफिसात नुसती कुजबुज. कुणी म्हणे, खाल्ल्या मिठाला जागल्या नाहीत. कुणी म्हणे, इतकी वर्षं पलीकडे बसून बसून बाईंना अलीकडचं भान उरलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्याधिकाऱ्यांनी मला एकट्याला बोलावलं.

"त्या स्वतः काही सांगत नाहीत. तुम्ही जवळ होतात. सवयीनं तोंडून गेलं, की जाणूनबुजून बोलल्या? चूक असेल तर समज देऊन सोडतो. नाहीतर उद्या त्यांना घरी पाठवायला लागेल."

मला बाईंचा राग आला होता. पहिल्याच केसला मी तोंडावर आपटलो होतो, तेही आपल्याच माणसामुळे. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. साहेबांच्या खिडकीतूनही तलाव दिसायचा. जीवरक्षक लांब दांडीच्या जाळीनं पाण्यावरची पानं काढत काठाकाठानं फिरत होता. इथेही छतावर ऊन हलत होतं. खोलीत साहेब आणि मी, दोघंच होतो.

"डोळे मिटलेले होते, साहेब," मी म्हणालो. "मी वळून पाहिलं होतं."