अकरा जणांची पाठ

त्या वर्षी टीव्ही केंद्रात इतकं काही नवं सुरू झालं, की शिवणखोलीतल्या काकूंना कात्रीला धार लावून आणायलाही फुरसत मिळाली नाही. आणि त्या वर्षाची सुरुवात झाली ती फजितीने.

तोवर चित्र काळंपांढरं होतं. कोट कुठल्याही रंगाचा शिवा, पडद्यावर तो करडाच. त्यामुळे काकू हाताला येईल ते कापड वापरायच्या. बातम्या देणाऱ्या गंभीर गृहस्थांचा कोट पोपटी होता, आणि कापड कमी पडलं म्हणून त्याच्या बाह्या विटकरी होत्या. आठ वर्षं त्याच कोटात त्यांनी पूर सांगितले, निवडणुका सांगितल्या, थोरामोठ्यांच्या निधनाच्या बातम्या दिल्या. कुणाला पत्ता लागला नाही. मग वर्षाच्या पहिल्या तारखेला, संध्याकाळी सातला, चित्र रंगीत झालं. सगळ्या केंद्राने कॅमेरे तपासले, दिवे तपासले, भिंती रंगवल्या. कोटाकडे बघायचं राहून गेलं.

पाच मिनिटांत फोन वाजायला लागले. एका आजोबांनी तर तक्रार केली की बातम्या नीट ऐकूच आल्या नाहीत, कोटाचाच आवाज जास्त होता.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या खोलीत निळ्या, राखाडी आणि चॉकलेटी कापडाचे तागे येऊन पडले आणि सगळ्यांचे कोट नव्याने शिवायचा हुकूम निघाला. सगळ्यांचे म्हणजे, अर्धे.

हे अर्ध्याचं प्रकरण सांगायला हवं. कॅमेऱ्याला माणूस पुढून दिसतो, मागून दिसत नाही. मग मागे कापड कशाला घालवायचं आणि वेळ तरी कशाला? नऊ वर्षांपूर्वी एकदा अर्ध्या तासात कोट उभा करायची वेळ आली, तेव्हा काकूंनी नुसता पुढचा भाग, कॉलर आणि बाह्या शिवल्या आणि मागे नाड्या लावल्या. कोट झकास दिसला. शिवाय नाड्या सैल-घट्ट केल्या की एकच कोट तिघांच्या अंगाला बसायचा. तेव्हापासून केंद्रातले सगळे लोक पुढून साहेब आणि मागून नाड्या असेच वावरत.

काकूंच्या सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांचं स्वतःचं शिलाईचं दुकान होतं, रस्त्याला लागून, दोन मशीनचं. काकू शिवायला शिकल्या त्या तिथेच, सासूबाईंच्या हाताखाली. पण सुनेने टीव्हीत नोकरी धरली आणि असले उघड्या पाठीचे कोट शिवायला लागली, हे सासूबाईंना दुकानाच्या पाटीला डांबर फासल्यासारखं वाटे. गिऱ्हाइकाने सहज सुनेची चौकशी केली तरी त्या म्हणत, "ती ना, ती पुढच्या पुढे शिवते." आणि टीव्हीवर कुणी दिसलं की त्या पडद्याकडे बघत न राहता सुनेकडे बघून विचारत, "ह्याला वारा लागत नाही का गं मागून?"

काकू हसून सोडून देत. त्यांना काम जिवापाड आवडायचं. संध्याकाळी गल्लीतून घरी येताना दहा खिडक्यांतून दहा टीव्ही दिसत आणि दहाही ठिकाणी आपण शिवलेली कॉलर ताठ बसलेली असे. हे सुख दुकानात नव्हतं.

तर ते वर्ष. मार्चमध्ये दुसरी वाहिनी सुरू झाली, आणि एका वाहिनीला माणसं पुरत नव्हती तिथे तीच माणसं दोन्हीकडे धावायला लागली. इकडे निळ्या कोटात बातम्या देऊन माणूस जिना उतरेपर्यंत काकू नाड्या सोडायच्या आणि तो तिकडे चॉकलेटी कोटात प्रश्नमंजूषा घ्यायचा. ही प्रश्नमंजूषाही त्याच वर्षीची. पहिल्याच भागात स्पर्धकाने बरोबर उत्तर दिलं आणि विचारणाऱ्याच्या कागदावर ते चुकीचं छापलेलं होतं. त्यावरून पंधरा दिवस पत्रं येत होती. मे महिन्यात इस्पितळाची मालिका आली. तिच्यातले डॉक्टर कायम टेबलामागे बसून दुःखी असत. मग लहान मुलांचा कार्यक्रम आला, त्यात एक बोलणारा हत्ती होता. तोही अर्थातच अर्धा. एका मुलीने पत्र पाठवून विचारलं, हत्तीला शेपूट आहे की नाही ते एकदा वळून दाखवा. ते पत्र काकूंनी मशीनवर चिकटवून ठेवलं होतं.

सगळ्यात हाल झाले ते हवामानवाल्याचे. आधी तो बातम्यांच्या शेवटी दोन वाक्यं बोलायचा. त्या वर्षी त्याला स्वतःची पाच मिनिटं मिळाली आणि मागे भला मोठा नकाशा मिळाला. आता नकाशा मागे, आणि याच्या पाठीवर नाड्या. वळायची सोय नाही. बिचारा खेकड्यासारखा आडवा सरकत हात मागे टाकून अंदाजाने ढग दाखवायचा. एकदा त्याचं बोट समुद्रात गेलं आणि वाळवंटातला उन्हाळा त्याने भर समुद्रात जाहीर केला. काकूंकडे येऊन तो म्हणायचा, काकू, एकदा तरी नकाशाकडे तोंड करू द्या हो.

अशी सगळी मजा चालू असताना, ऑक्टोबरात, केंद्राच्या प्रमुख साहेबांनी काकूंना बोलावून घेतलं. साहेब माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं, की वर्षअखेरचा मोठा कार्यक्रम झाला की शिवणखोली रिकामी करायची. नवं रेकॉर्डिंगचं मशीन येतंय, त्याला थंड खोली लागते, आणि शिवणखोलीला उत्तरेची खिडकी आहे. कपडे यापुढे बाहेरून आणू.

काकूंनी घरी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या, बरं झालं, ये आता दुकानात, काजं करायला बस. आणि हे त्यांना नको होतं. दोन महिने त्या हसतमुखाने नाड्या बांधत राहिल्या.

वर्षअखेरच्या कार्यक्रमाचा बेत मोठा होता. वर्षभरात जे जे नवं सुरू झालं त्यातला एकेक चेहरा, असे अकरा जण, मोठ्या सभागृहात प्रेक्षकांसमोर उभे राहणार आणि सगळं थेट घरोघरी दिसणार. शेवटी अकराही जणांनी मिळून एक कविता म्हणायची. आठ ओळींची ही कविता साहेबांच्या मेहुण्याने लिहिली होती, त्यामुळे तिला वगळता येत नव्हतं. उलट ती मोठ्या सोनेरी अक्षरांत मागच्या पडद्यावर रंगवूनच घेतली होती.

कार्यक्रम शनिवारी. बुधवारी सकाळी अकरा जण मापाला काकूंच्या खोलीत जमले होते. तिकडे साहेबांनी फोनवर मेहुण्याशी बोलता बोलता एक चिठ्ठी खरडली आणि शिपाईमामांच्या हातात दिली. मामांनी विचारलं, कुणाला देऊ? साहेबांनी फोनवर हात ठेवून सांगितलं, ते अकरा जण जिथे असतील तिथे. मामा गुडघे सांभाळत तीन जिने उतरून येईपर्यंत अकरा जण चहाला गेले होते. मामांनी चिठ्ठी काकूंच्या टेबलावर ठेवली आणि तेही चहाला गेले.

काकूंनी चिठ्ठी वाचली. त्यात लिहिलं होतं:

"शनिवारपर्यंत अकराही जणांची पूर्ण पाठ हवी. अर्धवट चालणार नाही. सूट कुणालाही नाही. पाठ मी स्वतः तपासणार."

नऊ वर्षं ज्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, ते आताच कसं निघालं? म्हणजे आपण जाता जाता साहेबांना बोट ठेवायचं होतं, की ही बाई अर्धंच काम करायची, गेली ते बरं झालं. खोली जायची ती जाईल. पण असं नाव घेऊन जायचं? काकूंनी कपाटातले उरलेले तागे काढले. पाठी शिवल्याच नव्हत्या, त्यामुळे निळं, राखाडी, चॉकलेटी, प्रत्येक कापड पाठीपुरतं शिल्लक होतं. तीन दिवसांत अकरा पाठी एका मशीनवर होणं शक्य नव्हतं. दुसरीकडे दोन मशीन होती, पण तिथे सासूबाई होत्या.

दुपारी तागे काखोटीला मारून काकू दुकानात गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. खोली जाणार तेही, आणि दोन महिने लपवलं तेही. सासूबाई हातातलं बटण लावत होत्या ते त्यांनी पुरं लावलं, दोरा दाताने तोडला. काकू टोमण्याची वाट बघत होत्या.

"माप घेतलंस का?"

"घेतलंय. आज सकाळीच."

"खांद्याच्या हाडांमधलं?"

"ते नाही घेतलं."

"मग काय घेतलंस?" सासूबाईंनी चष्मा पुसला. "पुढून माणूस पोट आत घेऊन उभा राहतो. पाठ आत घेता येत नाही. जा, घेऊन ये."

काकू पळत गेल्या आणि अकरा जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. परतल्यावर दोघी बसल्या. चिठ्ठीतलं 'सूट कुणालाही नाही' एवढं मात्र दोघींना उलगडेना. सूट नाही तर ही माणसं घालणार काय? सासूबाईंनी निकाल दिला, की सूट नाही म्हणजे नुसते कोट, पँट ज्याने त्याने घरून आणायची. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. सासूबाई अस्तर उलटं लागलं म्हणून ओरडल्या, शिवण वाकडी गेली म्हणून त्यांनी एक पाठ पूर्ण उसवायला लावली, आणि हत्तीच्या मागच्या बाजूला इतकं सुबक शेपूट लावलं, की स्वतःच दोनदा हलवून बघितलं. शनिवारी दुपारी अकराही पाठी तयार होत्या.

कपडे चढवताना हवामानवाला आरशापुढे गोल फिरला. मग पुन्हा फिरला. "काकू, म्हणजे आता मी वळलो तरी चालेल?"

"हवं तितकं वळ."

पडदा वर जायच्या आधी साहेब धावतपळत विंगेत आले. काकूंनी पुढे होऊन सांगितलं, "साहेब, अकराही पाठी तयार आहेत. तपासताय ना?"

"आता ऐकत बसायला वेळ नाही," असं म्हणून साहेब गेले. काकू विचारात पडल्या. पाठ ऐकायची कशी?

कार्यक्रम छान रंगला. हत्तीला टाळ्या पडल्या, डॉक्टर पहिल्यांदाच हसले. मग कवितेची वेळ आली. अकरा जण रांगेत पुढे आले, वाद्यं थांबली, वरून माईक खाली आले. बातम्यावाल्या गृहस्थांनी खड्या आवाजात पहिली ओळ म्हटली. आणि मग शांतता.

त्यांना एकच ओळ येत होती. बाकी दहा जणांना तीही नाही. पाठ करा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारी चिठ्ठी काकूंच्या ब्लाउजात घडी घालून होती. विंगेत उभ्या काकूंच्या डोक्यात त्या क्षणी लख्ख उजेड पडला.

इतक्यात हवामानवाला वळला. संबंध वर्ष ज्याला वळता आलं नव्हतं, तो चक्क प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला, पडद्यावरच्या सोनेरी अक्षरांकडे ऐटीत हात केला आणि दुसरी ओळ वाचायला लागला. ते बघून डॉक्टर वळले, प्रश्नमंजूषावाला वळला, शेवटी हत्तीही शेपूट झुलवत वळला. अकराच्या अकरा जण पाठमोरे. सभागृहाला वाटलं, असंच बसवलंय. लोकही समोर बघून मोठ्याने वाचायला लागले. सात ओळी, कॅमेऱ्याला दाखवायला दुसरं काहीच नाही, घराघरात नुसत्या अकरा पाठी. सरळ शिवणी, सपाट खांदे, कुठे एक सुरकुती नाही. शेवटची ओळ संपली आणि लोक उठून उभे राहिले.

घरी सासूबाई टीव्हीपुढेच होत्या. काकू दारातून आत येतात न येतात तोच त्या म्हणाल्या, "डॉक्टरचा डावा खांदा किंचित ओढतोय." मग टीव्ही बंद करत म्हणाल्या, "बाकी बऱ्या होत्या." त्यांच्या तोंडी 'बऱ्या' हा शब्द काकूंनी सोळा वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

सोमवारी सकाळी काकूंनी सुयादोऱ्यांचे डबे बांधायला घेतले. दाराशी साहेब उभे राहिले. त्यांच्या हातात त्यांचाच कोट होता. म्हणाले, त्या कवितेबद्दल एवढे फोन आले की मेहुणा आता कुणाला ऐकेनासा झालाय. पण अकरा जण म्हणतात, आम्हाला चिठ्ठी मिळालीच नाही. काकूंनी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

साहेबांनी ती वाचली. एकदा वाचली, मग काकूंकडे बघितलं, भिंतीवर टांगलेल्या अकराही पाठींकडे बघितलं, आणि पुन्हा वाचली. मग ते टेबलाचा आधार घेऊन इतके हसले की शिपाईमामा पाण्याचा ग्लास घेऊन आले.

"आणि पाठी नसत्या तर?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"तर काय, नाड्या दिसल्या असत्या," काकू म्हणाल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "नऊ वर्षं नाड्याच होत्या, साहेब."

सात ओळी होईपर्यंत सगळ्या मुलखाने अकरा नाड्यांचे गुच्छ बघितले असते, हे साहेबांना दिसलं असावं. त्यांनी हातातला कोट पुढे केला. बाहेरून विकत आणलेला, तयार. पाठीवरची शिवण मधोमध उसवली होती. "शनिवारी टाळ्या वाजवताना गेला," ते ओशाळून म्हणाले. "किती दिवस लागतील?"

काकूंनी कोट उजेडाकडे धरला, शिवणीवरून बोट फिरवलं. "ते ही खोली किती दिवस आहे त्यावर आहे."

साहेबांनी बांधलेल्या डब्यांकडे पाहिलं, उत्तरेच्या खिडकीकडे पाहिलं.

"मग काही घाई नाही," ते म्हणाले. "सावकाश द्या."