मेथीचा गाजावाजा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शब्दांचे अर्थ सांगावेत एवढी मी शिकलेली नाही. पण ‘गाजावाजा’ हा शब्द मला चांगला ठाऊक आहे. आमच्या घरात तो मीच वापरायचे, आणि नेहमी यांच्यावर.

मखमलाबादकडे आमचा मळा. नव्वद सालानंतरची ती वर्षं. दर बुधवारी आम्ही दोघं मेथी घेऊन गोदाकाठच्या बाजारात बसायचो. हे हाळी द्यायचे, “आत्ता तोडलीय! दव वाळलं नाही अजून!” मेथी आदल्या संध्याकाळची असायची आणि दव म्हणजे मी शिंपडलेलं पाणी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“कशाला एवढा गाजावाजा?”

“तू जुड्या लाव. तोंड माझं दुखतंय.”

वस्तू लहान आणि तिचा आवाज मोठा, तो गाजावाजा, असं मी धरून चालले होते. कुणी साधेपणानं लग्न केलं की लोक कौतुकानं म्हणतात, काही गाजावाजा न करता केलं. मी त्या बाजूची.

मग हे वारले. मी एकटी बसू लागले. तोंडातून हाळी निघेना. कुणी थांबून विचारलं, “ताजी आहे का?” तर मी सांगायचे, “कालची आहे.” गिऱ्हाईक पुढे जायचं. शेजारी कांदे विकणारी बाई कपाळाला हात लावायची. “अगं बये, इथं काय कोर्टात उभी हायेस?”

एका मंगळवारी शेजारच्या घरातले माझे दीर आले. “वहिनी, माल परत येतोय. आता सगळी मेथी मार्केट यार्डात टाकतो. तुम्ही घरीच ऱ्हावा.”

त्यांचं चुकत नव्हतं. पण सहा दिवस माझ्याशी कुणी बोलत नसे. बुधवारही गेला असता तर सातही दिवस तसेच. मी म्हणाले, “उद्याचा एक बाजार करू द्या.”

दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत जुड्याच लावत बसले. मग डोळे मिटून ओरडले, “मेथी! काल संध्याकाळची मेथी!”

आजूबाजूला हशा पिकला. कांदेवाली म्हणाली, “झालं, बुडालीस.”

एक म्हातारे गृहस्थ थांबले. यांचं जुनं गिऱ्हाईक. “तुमचे मालक तर आत्ताची म्हणायचे.”

“तीही कालचीच असायची.”

“माहीत होतं हो. निवडायला घेतली की कळतंच. पण त्यांचं ऐकत दोन घटका उभं राहायला बरं वाटायचं. घरी मी एकटाच.”

त्यांच्या पिशवीत मी दोन जुड्या ठेवल्या. ते आणखी थोडा वेळ उभे राहिले, आणि मग गेले.

निम्मी मेथी परत आली. दिरांनी गोणी उचलून पाहिली. पुढच्या मंगळवारी त्यांनी यार्डाचा माल टेम्पोत भरला आणि दोन पाट्या माझ्या ओट्यावर ठेवून गेले. दोनच. तेवढ्या मेथीवर दुपारपर्यंत बोलायला माणसं भेटतात.