गौरीचे डोळे

भाद्रपदात इकडे बंगालात, बेहालाच्या आमच्या गल्लीत सकाळचं ऊन जरा तिरकं येऊ लागतं, शेजारच्या अंगणातल्या शिउलीचा, म्हणजे आपल्या पारिजातकाचाच, गंध ओलसर भिंतींना बिलगून राहतो, आणि मला हटकून आठवतो तो डिंकाच्या पाण्यात कालवलेल्या सफेद्याचा वास. कारण याच दिवसांत आई कपाटावरचा पत्र्याचा डबा खाली काढायची आणि जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेले गौरींचे दोन मुखवटे मांडीवर घ्यायची. ते तिच्या माहेरून आलेले. इथल्या दमट हवेत वर्षभरात त्यांच्या रंगाला पोपडे येत, म्हणून दरवर्षी नवा रंग, नवे ओठ, नव्या भुवया, आणि सर्वांत शेवटी, न्हाऊन, कुणाशी चकार शब्द न बोलता, डोळे. बाकी सगळ्यात ती मला लुडबुड करू देई, डोळ्यांना मात्र हात लावू देत नसे.

मी आज मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. तुमच्या चेहऱ्यांत जीव असतो, असं कुणी म्हटलं की मी उगाच नम्र वगैरे होते. पण कुंचल्याचं टोक अंगठ्याच्या नखावर फिरवून अणकुचीदार करण्याची सवयसुद्धा माझी स्वतःची नाही, ती त्या मांडीशी बसून उचललेली आहे. कला महाविद्यालयात गेले आणि मला शिंगं फुटली. आईच्या गौरींचे डोळे सारखे नसत: डावी पापणी किंचित जड, बुबुळं कडेला सरकलेली, खालच्या कडेला लालसर छटा. एका वर्षी ती बाजारात गेलेली असताना मी ते सरळ खरवडले आणि मोजूनमापून, अगदी निर्दोष डोळे काढले. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या बंगाली वहिनी "की शुंदोर!" म्हणून हरखल्या. आईने मात्र एकेक मुखवटा जवळून न्याहाळला.

"छान झाल्यात गं," ती म्हणाली, "पण आल्यासारख्या वाटत नाहीत."

गौरी म्हणजे तीन दिवसांसाठी घरी आलेल्या माहेरवाशिणी, हे मला ठाऊक होतं. पण ती काय म्हणतेय ते मला मुळीच कळलं नाही. मला रागच आला होता, हेही सांगून टाकते. पुढच्या वर्षी तिने माझे डोळे पुसून पुन्हा आपले काढले.

येत्या हिवाळ्यात आईला जाऊन दोन वर्षं होतील. गेल्या वर्षी आम्ही सण केला नाही. यंदा बाबांचा फोन आला. "गौरी बसवू या ना? डोळे तेवढे तू काढ. नाहीतर राहू दे." डोळे जमले नाहीत तर डबा पुन्हा कपाटावर जाईल आणि कायमचा तिथेच राहील, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

माहेरी जाऊन मुखवटे घेऊन बसले. तीनदा काढले, तीनदा पुसले. जुन्या फोटोत बघून आईच्या रेषेची नक्कल केली, तर ती निव्वळ नक्कल झाली. हात मांडीवर टाकून बसले असताना आठवली ती लहानपणी तिच्याबरोबर केलेली तिच्या माहेरची, साताऱ्याची वारी. हावड्याहून निघून दोन रात्री गाडीत काढलेल्या. पहाटेचं धुकं, फलाटावर उभा असलेला मामा, आणि डब्यातून उतरणारी आई. केस विस्कटलेले, डोळे जागरणाने तांबारलेले, एक पापणी मिटू पाहणारी, आणि तरीही नजर मामाच्या मागे आणखी कोण कोण आलंय ते शोधणारी. तीन-चार वर्षांतून एकदा तिला हे सुख मिळे. उरलेल्या वर्षांत ती तोच चेहरा मुखवट्यावर काढत होती, आणि मी शहाणी तिच्या हाताला कच्चा म्हणत होते.

माझं माहेर माझ्या सॉल्ट लेकच्या घरापासून तास-दीड तासावर. कामाची मुदत डोक्यात घेऊन मी यायचे, चहाचा कप हातात असतानाच परतीचं बघायचे. त्या दारात मी असंख्य वेळा पाऊल टाकलं असेल, पण अशी थकून, आसुसून, शोधत्या नजरेने एकदाही आले नाही. आता तिच्यापर्यंत नेणारी कुठलीच गाडी नाही, आणि माहेर लांब असणं म्हणजे काय ते मला आत्ता कळतंय. मला ती हवी आहे, इतकंच.

चौथ्यांदा बुबुळं आपसूक कडेला सरकली, डावी पापणी उतरली. हे आईचे डोळे नव्हेत. तिच्या गौरींत पोचल्याचा आनंद अधिक असे. यांच्यात दार उघडेल ना, अशी धाकधूक आहे. मी ते तसेच राहू दिले.

बाबा खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांनी मुखवट्यांकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"राहतेस ना आज?" त्यांनी विचारलं.

आई असं कधी विचारत नसे. माझं उत्तर तिला ठाऊक असायचं.