पायऱ्यांवरचं घर

रोझली आत्या रोज सकाळी गाडी बाहेर काढायची आणि घरासमोर रिकाम्या झालेल्या जागेत स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची आणून ठेवायची. आमच्या उतारावर खुर्ची ठेवलेल्या जागेत कुणी गाडी लावत नाही. पोलीससुद्धा नाही. खुर्ची ठेवून झाली की तिच्या पाठीवर एक थाप मारून आत्या म्हणायची, "हलू नकोस." मग निघायची.

पिट्सबर्गच्या या टेकडीवर तिनं निवृत्त होईपर्यंत सिटी बस चालवली. कुठल्या वळणावर हिवाळ्यात चाक घसरतं आणि कुठल्या थांब्यावर कोण म्हातारी पिशव्या घेऊन उभी असते, हे तिला पाठ होतं. निवृत्तीनंतर ती मंगळवारी आमच्या छोट्या वाचनालयात बसू लागली. घराण्याची माहिती शोधणाऱ्यांना ती मदत करायची.

१९४० च्या जनगणनेची पानं कायद्यानुसार बहात्तर वर्षं बंद होती. २०१२ च्या एप्रिलमध्ये ती उघडली तेव्हा वाचनालयाबाहेर रांग लागली. नावानं शोधायची सोय अजून झालेली नव्हती. आधी घराचा पत्ता, पत्त्यावरून जनगणनेचा विभाग, आणि मग त्या विभागाचं एकेक पान वाचत जायचं. विभाग चुकला तर घर सापडत नाही. आत्याला वाटायचं, पत्त्यावरून विभाग सांगणं हे तर आपलं घरचंच काम.

त्याच आठवड्यात अँड्र्यू सोप्को आला. चर्चमध्ये आत्याच्या मागच्या बाकावर बसणारा, पोलाद कारखान्यात उभा जन्म काढलेला.

"काय गं बसवाली, आज तिकीट मिळेल का?"

"सुटे आण आधी. पत्ता सांग."

"मेडोरा स्ट्रीट. वरची घरं, जिन्यावरची."

आमच्याकडे बरेच रस्ते मध्येच थांबतात आणि त्यांच्या पायऱ्या होतात. नाव तेच राहतं, क्रमांकही पुढे चालू राहतात, फक्त चाकं जात नाहीत. त्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना घरं असतात.

अँड्र्यूला एकच गोष्ट हवी होती. त्याची आई १९३८ साली गेली. थोरला भाऊ स्टीफन मरेपर्यंत सांगत राहिला, की आईला पुरून आल्यावर महिन्याभरात बापानं तिघा पोरांना अनाथाश्रमात टाकलं आणि घर सोडलं. अँड्र्यूला मात्र वेगळं आठवत होतं. बाप चुलीजवळ बसून धाकट्या पॉलीनची वेणी घालतोय, वेणी वाकडी होतेय आणि पॉलीन हसतेय. आई गेल्यानंतरचं. स्टीफन म्हणायचा, तुला स्वप्न पडलं असेल. पॉलीन पुढे आश्रमात तापानं गेली, त्यामुळे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

आत्यानं मेडोरा स्ट्रीटचा खालचा विभाग उघडला आणि पानं वाचली. सोप्को नव्हते. जिन्यावरचे क्रमांकच नव्हते.

"नाहीये रे. त्या वर्षी घरात कुणी नसणार."

"वरच्या बाजूचं बघ ना एकदा. टेकडीवरचं."

"अँड्र्यू, या टेकडीवर मी बस चालवलीये. मेडोरा खालून वर जातो. मला रस्ते शिकवू नकोस."

मागे रांग होती. तो उठला, टोपी घातली. "म्हणजे स्टीफनचं खरं होतं," एवढंच म्हणाला.

ईस्टरनंतर आमचे पाद्री कबरस्तानात येऊन एकेका थडग्यावर पवित्र पाणी शिंपडतात. लोक पास्काचा, म्हणजे ईस्टरच्या गोड पावाचा तुकडा आणि रंगवलेलं अंडं आपल्या माणसाच्या दगडाशी ठेवतात. बापाच्या, मिहाल सोप्कोच्या दगडाशी अँड्र्यू दरवर्षी असायचा. त्या वर्षी नव्हता. गेल्या वर्षीचं गवत तसंच होतं. आत्यानं ते पाहिलं आणि मला म्हणाली, "गुडघे दुखत असतील त्याचे."

मे महिन्यात एक बाई दुसऱ्याच एका जिन्यावरचा पत्ता घेऊन आली. तिचं घर आत्याला सापडेना. बाई चिवट होती, हलेना. तेव्हा आत्यानं पहिल्यांदा विभागाच्या हद्दीचं वर्णन शब्द न् शब्द वाचलं. हद्द पायऱ्यांच्या तळाशी संपत होती. पायऱ्यांवरची सगळी घरं वरच्या विभागात होती. प्रगणक टेकडीवरून खाली उतरत गेला होता, कारण उतरणं सोपं. बस चालवणाऱ्याला रस्ता चाकं थांबतात तिथे संपला असं वाटतं. तिलाही वाटलं होतं.

बाई गेल्यावर तिनं मेडोराचा वरचा विभाग उघडला.

मिहाल सोप्को, विधुर, कारखान्यात मजूर, गेलं अर्धं वर्ष काम नाही. स्टीफन अकरा. अँड्र्यू सहा. पॉलीन चार. मिहालच्या नावापुढे वर्तुळात फुली होती. ज्यानं दारात उभं राहून माहिती दिली, त्याच्या नावापुढे प्रगणक ती खूण करायचे.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि बाप घरात होता.

त्या रविवारी आमच्याकडे जेवायला आली तेव्हा तिनं हलुश्की, कोबीत परतलेल्या जाड शेवया, नुसत्या ताटात फिरवल्या. बाबांनी विचारलं, "कोबी खारट झालाय का?" ती म्हणाली, "नाही. मीच झालेय." पुढचे दोन रविवार ती मागच्या बाकावर कोण बसलंय ते न बघता चर्चमधून बाहेर पडली.

तिसऱ्या रविवारी तिनं मला सोबत घेतलं. अँड्र्यू ओसरीवर बसला होता. तिनं कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

"तू म्हणाला होतास वरच्या बाजूचं बघ. मी बघितलं नाही."

त्यानं चष्मा लावला. बराच वेळ पॉलीनच्या ओळीवर बोट ठेवून बसला. बोट वर मिहालपर्यंत गेलं आणि परत खाली आलं.

"पुढे आश्रमात टाकलंच की आम्हाला."

"हो. पण ते नंतर. दोन हिवाळे त्यानं सांभाळलं."

"आणि मी या ईस्टरला त्याला काय काय बोललो, रोझली. घरात एकटा बसून. मोठ्यानं." त्यानं कागदाची घडी घातली. "ते कुठल्या विभागात जाऊन पुसू?"

आत्या उभीच राहिली. माफ कर म्हणायला ती आली होती, रस्ताभर पुटपुटत होती, पण तिला ते म्हणता आलं नाही.

"गाडी आहे का?" त्यानं विचारलं.

तो मागच्या सीटवर बसला. पुढे ये म्हटलं तर म्हणाला, "बसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसत नाहीत." कबरस्तानात त्यानं गुडघे टेकून हातानं गवत उपटलं. आत्या फाटकाशी थांबली. त्यानं बोलावलं नाही आणि तीही आत गेली नाही.

मग दर महिन्याला ती त्याला नेत राहिली. तो मागेच बसायचा. कधी हवेबद्दल बोलायचा, कधी तिच्या ब्रेक लावण्यावर टोमणे मारायचा. "तू 'नाहीये' म्हणालीस, तेव्हा मी ऐकायला नको होतं," असं एकदा म्हणाला. तिनं आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी म्हणायलाच नको होतं." मंगळवारी वाचनालयात ती आता हद्दीचं वर्णन समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि विचारायची, "तुम्हाला काय आठवतं?" लोकांना तो तिचा स्वभाव वाटायचा.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ती झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी फोनवर माझ्याशी बोलली होती. ठेवता ठेवता म्हणाली, "अँड्र्यूला निरोप दे, उद्या सकाळी नाही, दुपारी न्यायला येते. सकाळी नळ दुरुस्त करणारा यायचाय."