भुयार देवगिरीला जाते म्हणे

सकाळी सहाला निघायचे ठरले होते, त्यामुळे आम्ही पावणेआठला निघालो. जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून बस अंग चोरत बाहेर पडली तेव्हा धान्याची दुकाने नुकतीच उघडत होती. पोत्यांतून सांडलेल्या नव्या ज्वारीचा कोरडा, किंचित गोड वास खिडक्यांतून आत येत होता. महाविद्यालयाचे सव्वीस विद्यार्थी, क्रीडाशिक्षक मोरे सर, मराठी शिकवणारी मी आणि एक फ्लेक्स, असा आमचा लवाजमा होता. यांत फ्लेक्सचा मान पहिला. त्याला सुरकुती पडू नये म्हणून मागचे तिघांचे आसन त्याच्यासाठी राखून ठेवले होते आणि त्या आसनाचे तीन हक्कदार दाराशी उभे होते. फ्लेक्सवर ‘लेणी अभ्यास सहल’ अशी टपोरी अक्षरे होती आणि सहलीला न आलेल्या सात मान्यवरांचे हसरे चेहरे.

“मॅडम, फोटो महत्त्वाचा,” असे मोरे सरांनी अंबडपर्यंत मला चार वेळा सांगितले. हल्ली महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायलीत, ज्याच्यावर गावाचे नाव आणि अक्षांश-रेखांश आपोआप उमटलेले असतात, असेच छायाचित्र चालते. ते नसेल तर सहल झालीच नाही, असे धरतात. माणसे गेली, चालली, दमली, क्वचित एखाद्याला काही उमगले, हा काही पुरावा नव्हे.

माझ्या शेजारी छाया बसली होती. ती इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही निघालो होतो ती लेणी तिच्याच गावामागच्या डोंगरात आहे आणि ही सहलही तिनेच सुचवलेली. तिच्या मांडीवर प्लास्टिकची एक फाइल होती. तिच्यात एकच कागद होता, तरी ती दोन्ही हातांनी धरून बसली होती. उन्हाळ्यात संभाजीनगरला लेण्यांच्या अभ्यासाचा दोन महिन्यांचा वर्ग भरतो. छायाची निवड झाली होती. वसतिगृहात राहायचे तर वडिलांच्या सहीचे संमतीपत्र हवे, तेही सोमवारपर्यंत. आज शनिवार होता आणि वडील आतापर्यंत दोनदा ‘न्हाई’ म्हणून चुकले होते.

“तुम्ही बोला मॅडम. तुमचं ऐकतील,” ती म्हणाली.

माझे कोणी ऐकते, ही बातमी मला नवी होती. सव्वीस वर्षांच्या नोकरीत वर्गातल्या पंख्यानेही माझे ऐकलेले नाही. तरी मी एक भाषण जुळवून आणले होते. त्यात ज्ञानाचा दिवा होता, दोन उपमा होत्या आणि शेवटी गळा दाटून येण्याची सोय होती.

वडीगोद्रीला हायवेवर चहा झाला. तिथून बस आत वळली आणि रस्त्याने आपला रस्तेपणा हळूहळू सोडून दिला. कापूस निघून गेलेली वावरे (शेते) पऱ्हाट्यांच्या करड्या काड्या अंगावर घेऊन पडली होती. पण मधूनच मोसंबीची बाग यायची आणि बहराचा वास असा अंगावर यायचा की सगळ्या माना खिडक्यांकडे वळायच्या. पांढऱ्या, मेणासारख्या फुलांचा थंड, ओलसर वास. इतक्या कोरड्या मातीने हा कुठे दडवून ठेवला होता, कोण जाणे. “मॅडम, सेंट मारल्यावानी वाटून राह्यलं,” दाराशी उभा असलेला अविनाश म्हणाला. कवितेच्या तासाला हा मुलगा झोपतो. त्याची उपमा माझ्या दोन्ही उपमांहून बरी होती.

गावाचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितले तर पुढच्या रविवारी तिथे मोबाइलसमोर नाचायला माणसे येतील.

छायाचे वडील, भानुदास आबा, पाराजवळ उभे होते. उंच, वाळलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात तेलाची बाटली. दर शनिवारी लेणीतल्या देवापुढे दिवा लावण्याचे काम त्यांच्या घराण्याकडे आहे. मी वेळ दवडला नाही. पाणी पिता पिता भाषणाला हात घातला. ज्ञानाच्या दिव्यापर्यंत पोचले असेन नसेन, तेवढ्यात आबांनी अत्यंत आदराने मला थांबवले.

“मॅडम, तुमचं बराबर हाय. पर मला एक सांगा. दगडं पाहायला शहरात कशाला जायचं? आमच्या घरामागं डोंगरभर हायत.”

“तिथं शिकवतात, आबा,” छाया म्हणाली.

“दोन महिन्याचं म्हणत्यात, मंग दोन वर्षाचं होतं. चला, ऊन चढून राह्यलं.”

माझी दुसरी उपमा आणि दाटलेला गळा तसाच पिशवीत राहिला.

डोंगर म्हणण्याइतका त्या डोंगराचा अधिकार नव्हता. पण सपाट मुलखात जो जरा मान वर काढतो त्याला लोक मान देतात. पायथ्याशी शेंदूर फासलेला एक दगड आहे. तिथून पुढे देवाची हद्द, म्हणून पायांत काही घालायचे नाही, असा गावाचा रिवाज. छायाने हे सर्वांना आठ दिवस आधी सांगितले होते. त्यामुळे निम्म्या मुलांनी सहलीसाठी म्हणून नवे बूट घेतले होते. शेंदरी दगडापुढे बुटांची ओळ लागली, पांढरी, निळी, पोपटी. दुकान मांडावे तशी. मोरे सरांनी आपले बूट सर्वांत शेवटी काढले, मोजे त्यांत नीट घडी करून ठेवले आणि शिटी फुंकली.

त्यानंतरचा पाऊण तास सगळ्यांची नजर जमिनीवर होती. वाटेवर सराटे (जमिनीलगत पसरणाऱ्या वेलीचे टोकदार काटे) पसरले होते. मी आयुष्यभर ‘अनवाणी’ हा शब्द कवितेत शिकवला, त्याचे सौंदर्य उलगडून दाखवले. तो शब्द त्या दिवशी टाचेतून वर आला. पण खोटे कशाला बोलू, दगडांची ऊब, सावलीतल्या मातीचा गारवा, वाळल्या गवताची खसखस, हे सारे तळपायाला निरनिराळे कळत होते आणि एवढी वर्षे बुटांनी माझ्यापासून काय काय लपवले होते याचा राग येत होता. आबा आणि छाया पुढे घरात चालावे तसे चालले होते.

लेणी लहान आहे. बाहेर दोन खांब, त्यांतला एक अर्धवट, आत बारा-पंधरा माणसे मावतील एवढी खोली. वटवाघळांचा आंबट दर्प, जुन्या तेलाचा वास आणि दगडातून झिरपणारा गारवा. आबांनी दिवा लावला. कोपऱ्यातला शेंदरी देव उजळला, भिंतींवरच्या छिन्नीच्या तिरप्या रेघा जिवंत झाल्या आणि एवढ्यात फ्लेक्स आत आला. तो लेणीच्या दारापेक्षा दोन हात लांब निघाला. शेवटी दोन मान्यवर दुमडून उरलेल्या पाचांना आत घेतले.

मोरे सरांनी फोटो काढला. काही उमटले नाही. त्यांनी हात उंच केला, बाहेर जाऊन आले, गुडघ्यावर बसले. दगडाच्या पोटात काय, बाहेर कड्याखाली काय, मोबाइलला आपण कुठे आहोत ते कळत नव्हते.

“मॅडम, लोकेशनच येईना.”

“आपण इथं आहोत, सर,” मी म्हणाले.

“ते आपल्याला माहीत आहे हो. फायलीला कसं कळणार?”

त्यांचा विरस पाहून आबांना दया आली असावी. पाहुण्यांना दाखवायची आपली सर्वांत मोठी चीज त्यांनी काढली. मागच्या भिंतीत जमिनीलगत एक काळे भोक होते, मांजर शिरेल एवढे. आबा त्याच्याजवळ उकिडवे बसले.

“हे भुयार. सरळ देवगिरीला निघतं. माझ्या आज्यानं सांगितलेलं. आत कुणी हात घालायचा न्हाई. देवाचं राखण हाय, नाग हाय.”

मराठवाड्यातली यच्चयावत भुयारे देवगिरीलाच जातात. मी स्वतः अशी सहा पाहिली आहेत. ती सगळी खरी असती तर त्या किल्ल्याखाली मोठे जंक्शन झाले असते आणि सूचना देणारी बाई ठेवावी लागली असती. पण आबा सांगत होते त्या आवाजात असे काही होते की अविनाशनेसुद्धा जांभई गिळली.

आणि मोरे सरांना नेमके तेव्हाच अध्यापन सुचले. “छाया, तू इतिहासाची ना? मग तू सांग. हे भुयार खोदलं कोणी?”

छायाने फाइल छातीशी धरली. तिने माझ्याकडे पाहिले, मग वडिलांकडे. त्या कागदाचे काय होणार हे तिच्या पुढच्या वाक्यावर होते आणि हे त्या खोलीत तिला आणि मला, दोघींनाच कळत होते. ‘आबा म्हणतात तसंच’ एवढे म्हणाली असती तर दुपारच्या जेवणात सही मिळून गेली असती. मी मनातल्या मनात तिला तेच सुचवत होते. सव्वीस वर्षे सत्याचा महिमा शिकवलेल्या बाईला शोभेल असेच माझे वागणे होते.

“भुयार न्हाई सर हे,” छाया म्हणाली. “इथं अजून एक खोली काढायची होती. ही पाहा रेघ, इथून तांबडा, मऊ थर लागतो. दगड धरत न्हाई, पाणी येतं. मंग त्यांनी काम सोडलं. बाहेरचा खांबही म्हणूनच अर्धा राह्यला.”

“आत काय हाय ते तुला काय माहीत?” आबांनी विचारले. आवाज चढला नव्हता.

“दिवाळीत काठी घातल्ती. दीड हातावर दगड लागतो.”

“तू घातल्ती?”

“हो, आबा.”

आबा उठले. दिव्यात थोडे तेल घातले. “तुम्ही व्हा पुढं,” म्हणाले. “जेवण तयार हाय.”

उतरताना मला एकही सराटा जाणवला नाही. छाया रडत नव्हती. ते जास्त कठीण होते. “मी खोटं बोलायला पाहिजे होतं का मॅडम?” तिने विचारले. उत्तर म्हणून मी एका मोसंबीच्या बागेकडे बोट दाखवले.

पायथ्याशी बुटांच्या ओळीत मोरे सरांचा डावा बूट नव्हता. एक कुत्रे तो घेऊन लांबच्या बांधावर निवांत बसले होते. सरांनी शिटी वाजवली. कुत्र्याने सहलीच्या शिस्तीला दाद दिली नाही.

छायाच्या घरापुढे, लिंबाच्या सावलीत पंगत बसली. ज्वारीची भाकरी, येसराची (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची) झणझणीत आमटी, ठेचा, वर कांदा. आमटीच्या वाफेने डोळे भरले आणि छायाला आणि मला ते सोयीचे झाले. आबांची जागा रिकामी होती. छायाची आई सारखी डोंगराकडे पाहत होती.

शेवटची भाकरी संपत आली तेव्हा आबा आले. उजवा हात खांद्यापर्यंत तांबड्या चिखलाने माखलेला, टॉवेल गळ्यात, कपाळावर मातीची रेघ. कोणाशी काही न बोलता ते छायाजवळ येऊन बसले.

“दगडच हाय,” ते म्हणाले.

छायाच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

“नाग बिलकुल न्हाई. बेडूक हाय एक.” मग त्यांनी मनगटावरचा चिखल अंगठ्याने खरवडला. “माझ्या आज्यानंबी हात घातला नसंल. बापानंबी न्हाई.” आणि थोड्या वेळाने, “हे अर्ध्यात टाकून गेले ते लोक कोण होते, हे सांगत्यात का तिथं शहरात?”

“सांगत न्हाईत, आबा. कसं शोधायचं ते शिकवतात.”

“आण तो कागद.”

“हात तरी धुवा,” छायाची आई म्हणाली.

“धुतो नंतर. पुन्यांदा इचार बदलला म्हंजी?”

त्यांनी सही केली. ‘भानुदास’मधला दा चांगला वळणदार आला. कागदाच्या कडेला अंगठ्याचा तांबडा ठसा उमटला, न मागता.

निघताना आमचे ड्रायव्हर सलीमभाई, जे दिवसभर बसखाली गारव्याला झोपले होते, आबांना म्हणाले, “काका, वर भुयार हाय म्हणं. देवगिरीला जातं, बराबर का?”

आबांनी डोंगराकडे, मग छायाकडे पाहिले. “भुयार न्हाई जात,” म्हणाले. “पोरगी जाऊन राह्यली.”

वडीगोद्रीला बस पुन्हा चहाला थांबली. भजी तळणाऱ्या कढईच्या बाजूला, पंक्चरच्या दुकानाच्या भिंतीवर मोरे सरांनी फ्लेक्स लावला. सातही मान्यवर उलगडले. मोबाइलला आपण कुठे आहोत ते लगेच कळले आणि छायाचित्रावर अक्षांश-रेखांश शेवटच्या आकड्यापर्यंत उमटले. फक्त सरांच्या पायांकडे पाहू नये, एका पायात बूट आणि दुसऱ्यात आबांची चप्पल आहे. दिवेलागणीला जालन्यात उतरलो तेव्हा ज्वारीच्या वासाच्या जागी डिझेलचा वास होता आणि माझ्या टाचेत एक सराटा.

मूल्यांकन समितीने आमची फाइल वाखाणली, असे कळले. भज्यांच्या कढईशेजारी आम्ही लेणी पाहिल्याचा पुरावा त्यांना समाधानकारक वाटला. छायाचा कागद मात्र सोमवारी कार्यालयात अडला. लिपिक म्हणाले, कागद मळका आहे, स्वच्छ प्रत आणा. छाया माझ्याकडे आली. मी तिच्यासोबत खाली गेले आणि त्या खिडकीपाशी, सव्वीस वर्षांत प्रथमच, कुठलीही उपमा न वापरता बोलले. कागद तसाच घेतला गेला. तांबडा ठसा वरच्या बाजूला ठेवून छायाने तो आत सरकवला.