पहिला वाचणारा

लखोटा उघडायच्या आधी काका त्यावर नखानं दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "येऊन राहिलो बापा." परक्याच्या दारावर करतात ना, तशी. तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो.

लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या एका डाकघरात मी टपाल वेगळं करायचं काम करत होतो. मागच्या खोलीत इंग्रज सरकारनं लोकांची पत्रं उघडून वाचायला माणसं बसवली होती. हिंदी वाचणारे पुष्कळ मिळाले, मराठी वाचायला हे एकटेच. गावातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात एका खोलीत राहणारे निवृत्त मास्तर. काळी टोपी, दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

रुजू होताना त्यांच्याकडून एका कागदावर सही घेतली. आत वाचलेलं बाहेर बोलणार नाही, बोललो तर शिक्षा. काकांनी विचारलं, हा कोणता कायदा, जरा वाचायला मिळेल का? साहेब म्हणाले, तो गुप्त आहे. आमच्या प्रांताची असेंब्ली नागपुरात, ती तेव्हा बंदच होती. नियम वरून यायचे. कोणी केले, कोणी हो म्हटलं, काही कळायचं नाही. पेन्शनीत भागत नव्हतं म्हणून काकांनी सही केली, पण ती गोष्ट त्यांच्या मनातून कधी गेली नाही. "साऱ्या गावाचं वाचून राहिलो बापा," ते म्हणायचे, "माझ्यावरचा कायदा तेवढा वाचायचा राहिला."

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. पत्रात कोणाच्या मृत्यूची खबर असली की ते मुकाट्यानं उठायचे, अंगणातल्या नळावर जायचे आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर दोन लोटे ओतून घ्यायचे. मग ओल्या धोतरानं पुन्हा खुर्चीत. मी एकदा चिडवलं, काका, ना नात्याचा ना गोत्याचा, काहून भिजून राहिले? ते हसले नाहीत.

"घरच्यांच्या आधी मी वाचलं ना," ते म्हणाले. "मग पहिली आंघोळ माझीच."

कोण गेलं ते मात्र कधी सांगायचे नाहीत. चपराशी "बाबूजी, आज फिर?" एवढंच विचारायचा आणि त्यांच्यापुढे चहा ठेवायचा.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, आंदोलनात पकडला जाऊन दूरच्या तुरुंगात होता. चार महिने त्याचं पत्र नव्हतं. संध्याकाळी घरी गेलो की आई नुसती माझ्या हाताकडे बघायची. उद्या येईल, मी म्हणायचो. कामावर दिवसभर टपालाच्या ढिगात दादाचं अक्षर शोधायचो.

पौषातल्या एका सकाळी काका नळावर गेले ते बराच वेळ परतले नाहीत. म्हातारा थंडीत पडला की काय, म्हणून मी अंगणात गेलो. चपराशाच्या शेगडीवर पातेलं चढवलं होतं. काका स्वतः नखशिखांत ओले, दात वाजताहेत, आणि पातेल्यातलं कढत पाणी बादलीत ओतताहेत. मला बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"पाणी गरम केलं आहे," ते म्हणाले. "आंघोळ करून घे बापा."

विचारायचं काही उरलंच नव्हतं. त्यांनीच माझ्या डोक्यावर पहिला लोटा ओतला आणि मी लहान पोरासारखा रडलो.

दादा तापानं गेला होता. त्याच्या कोठडीतल्या कोणी सुटल्यावर आम्हाला लिहिलं होतं. ते पत्र रोखून ठेवायचा हुकूम होता, म्हणजे सरकारच्या लेखी दादा अजून जिवंत होता.

आता माझं ऐका. घरी सुतक धरलं. मी शेजाऱ्याच्या हाती रजेचा अर्ज पाठवला आणि कारण लिहिलं: थोरल्या भावाची तेरवी. अर्जात खोटं लिहायची सवय नव्हती. पोट दुखतं म्हणून लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तेवढी अक्कल त्या दिवशी सुचली नाही. अजून स्वतःचा राग येतो.

ग्वारीघाटावर दादाचे दिवस करून, तेरवी उरकून मी कामावर गेलो, तर काकांची खुर्ची रिकामी. चपराशानं सांगितलं. साहेबांनी अर्ज वाचून मागच्या खोलीत येऊन विचारलं होतं, रोखलेल्या पत्रातली खबर बाहेर गेली कशी? सगळ्यांना दमात घेतलं. काका उठून म्हणाले, मी सांगितलं. मग त्यांनी एवढंच मागितलं, मला कोणत्या कलमाखाली नेता ते आता तरी दाखवा. तेही त्यांना कोणी दाखवलं नाही.

सहा महिन्यांनी तुरुंगातून सुटले ते अमरावतीला पुतण्याकडे गेले, मला न भेटता. पेन्शनही गेली होती. त्या माणसानं माझ्या आईला ताटकळत ठेवलं नाही, आणि मी माझ्या हातानं त्याला बुडवलं. त्यांना लिहायला कितीदा बसलो आणि कितीदा कागद फाडला. लढाई संपली, मागची खोली बंद झाली, तेव्हा कुठे माफीचं पत्र पुरं झालं. टाकण्याआधी त्या लखोट्यावर मी नखानं दोनदा टकटक केली.

तीन आठवड्यांनी माझ्याच समोरच्या ढिगात ते परत आलं. वर अमरावतीच्या पोस्टमननं लिहिलं होतं, मालक मयत. डाकेच्या भाषेत मालक म्हणजे ज्याच्या नावचं पत्र तो. लखोटा कोणी उघडला नव्हता.

मी उठून अंगणातल्या नळावर गेलो. दिवस थंडीचेच होते. पाणी बर्फासारखं गार होतं, ते गरम करून ठेवणारं आता कोणी नव्हतं.